पाटीवर तास लिहा : डोंगरवाटांच्या पाट्या लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
डोंगरवाटांवर पाट्या लावणारी समस्त मंडळी,
जिथे असाल तिथे.

स.न.वि.वि.

तुमच्या पाटीवर एक बाण होता, पुढच्या मुक्कामाचं नाव होतं आणि त्यापुढे '१९ किमी' असं लिहिलेलं होतं. अक्षर सुरेख, रंग ताजा. सकाळचे साडेसहा वाजले होते. पाटीसमोर उभं राहून मी आणि माझ्या मैत्रिणीनं मनातल्या मनात भागाकार केला. ताशी चार किलोमीटर धरले तर पावणेपाच तास. पाठीवर तेरा-तेरा किलोच्या सॅक आणि सलग चालण्याचा सहावा दिवस, म्हणून उदार मनानं वर दोन तास टाकले. म्हणजे सव्वा वाजेपर्यंत पोहोचणार. पाय धुवायचे, तंबू ठोकायचा आणि सूर्य असेपर्यंत नुसतं लोळायचं, असा बेत ठरला.

पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

तुम्ही खोटं लिहिलं होतं असं मी म्हणत नाही. अंतर एकोणीसच किलोमीटर होतं, फार तर थोडं इकडेतिकडे. (माझ्या घड्याळानं १९.८ दाखवले, तिच्या घड्याळानं २१.४. दोघी दिवसभर एकमेकींच्या मागेपुढेच होतो. त्यावरून झालेलं भांडण हा वेगळा विषय आहे.) माझी तक्रार एवढीच की त्या दिवशी आम्हाला जे कळायला हवं होतं, ते त्या आकड्यात नव्हतं.

दिवस कसा गेला ते सांगते, म्हणजे पाटीत काय कमी होतं ते तुमचं तुम्हाला दिसेल.

पहिले सहा किलोमीटर मातीची पायवाट. दवानं ओली, झाडीतून जाणारी. एक तास पन्नास मिनिटांत संपली. नंतर चार किलोमीटरची चढण, धारेवर नेणारी. घाम निघाला, पण चढण ही प्रामाणिक गोष्ट असते. ती समोर दिसते, किती उरली ते कळतं आणि श्वासाला एक लय सापडते. साडेदहा वाजता आम्ही धारेवर होतो. दहा किलोमीटर झाले, निम्म्याहून जास्त. मैत्रीण म्हणाली, "बाराला जेवू, मग उतरायलाच लागू." मी मान डोलावली. त्या क्षणी आम्ही दोघी तुमच्या पाटीवर पूर्ण विश्वास ठेवून होतो.

आणि मग माती संपली.

धारेवर दगड होते. वाटेत दगड होते असं नव्हे, दगडांचीच वाट होती. कुठे अखंड कातळ, त्यावर बूट चांगला धरतो, तिथे सुख. कुठे चूल मांडता येईल एवढे धोंडे, एकमेकांवर रचल्यासारखे, मधे गुडघाभर फटी. कुठे उभे राहिलेले चपटे दगड, धार वर करून, जणू कुणी पाट्या उभ्या खोचून ठेवल्यात. आणि जिथे उतार, तिथे घसारा. एक पाऊल टाकलं की अर्धं पाऊल फुकट खाली.

असे दगड येतात कुठून हा प्रश्न चालताना शंभरदा पडतो, बहुधा शिव्यांसकट. बऱ्याच उंच किंवा थंड ठिकाणी उत्तर साधं आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, पुन्हा गोठतं, आणि हजारो वर्षं हे पाचर ठोकणं चालू राहिलं की अखंड खडकाचा खच होतो. अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल साधारण साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे आणि चौदा राज्यांतून जाते. तिच्यावरचे चालकरी पेन्सिल्वेनिया राज्याला 'रॉक्सिल्वेनिया' म्हणतात. तिथे उंची फारशी नाही, चढ-उतारही इतर भागांच्या मानानं सौम्य. पण शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या थराची कड जवळच थांबली होती आणि तिच्या गारठ्यानं तिथल्या डोंगरमाथ्यांवरचा खडक फोडून ठेवला. नकाशा बघितला तर सोपं राज्य, बुटांना विचारलं तर वेगळंच उत्तर. त्याच वाटेवर मेन राज्यात महूसक नॉच नावाची घळ आहे. घराएवढ्या धोंड्यांनी भरलेली, लांबी जेमतेम दीड किलोमीटर. त्या दीड किलोमीटरला दोन तास सहज जातात. सॅक काढून पुढे ढकलायची आणि आपण मागून सरपटायचं, असे प्रकार तिथे चालतात. आता त्या घळीच्या तोंडाशी 'दीड किमी' एवढंच लिहिलं तर ती माहिती म्हणायची का?

परत आमच्या धारेवर येते.

मातीवर चालताना आपण चालतोय हे विसरायला होतं. पाय आपले आपण जातात, डोकं मोकळं असतं, गप्पा होतात. दगडांवर ही सोय बंद. प्रत्येक पाऊल म्हणजे एक प्रश्न : हा हलेल का? हलला तर कुठल्या बाजूला? मग दुसरा पाय कुठे? पाठीवरच्या तेरा किलोंना आपलं वेगळं मत असतं आणि ते नेमकं आपण झुकलो त्याच्या उलट दिशेला पडतं. पहिल्या तासानंतर आम्ही बोलणं बंद केलं. रुसवा नव्हता, जागाच नव्हती डोक्यात.

यावर अभ्यास झालेले आहेत हे मला नंतर कळलं आणि उगाच बरं वाटलं. २०१३ मध्ये काही संशोधकांनी माणसांना अशा पट्ट्यावर चालवलं, जिथे जमीन फक्त अडीच सेंटिमीटरनं खालीवर होती. म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी. तेवढ्यानं चालण्याला लागणारी शक्ती २८ टक्क्यांनी वाढली. अडीच सेंटिमीटर! आमच्या धारेवर अडीच सेंटिमीटरचा खड्डा आम्ही सपाटी म्हणून साजरा केला असता. दुसरा अभ्यास २०१८ चा, नजरेबद्दलचा. ओबडधोबड जमिनीवर चालणारा माणूस साधारण दीड सेकंद पुढे बघतो. दोन-तीन पावलांवरची जागा हेरतो आणि तिथे पाय पोहोचेपर्यंत नजर पुढच्या जागेवर गेलेली असते. हे वाचलं आणि त्या दिवशीचं एक कोडं सुटलं. दोन्ही बाजूंना दऱ्या, वर निरभ्र आकाश, एका घारीची सावली दोनदा आमच्यावरून गेली, आणि मला त्या सात किलोमीटरमधून आठवतात ते फक्त दगड. करडे, शेवाळलेले, एकावर पांढऱ्या रेघेची गाठ. दृश्य बघायचं तर थांबावं लागायचं. चालता चालता मान वर करणं म्हणजे घोटा पणाला लावणं.

मैत्रिणीनं तो लावलाच. चौदाव्या किलोमीटरच्या आसपास, अगदी साध्या दगडावर. अवघड जागा तिनं चार पायांवर पार केल्या होत्या. ही सोपी होती म्हणून ती वर बघत होती. पाय आत वळला, ती सॅकसकट बसली आणि काही क्षण दोघीही काही बोललो नाही. मोडला नव्हता, मुरगळला होता. पट्टा बांधला, बुटाची नाडी वरपर्यंत घट्ट केली, तिच्या सॅकमधला तंबू माझ्या सॅकवर चढवला. तिथून पुढे आमचा वेग ताशी एक किलोमीटरच्या आत गेला असावा. थोड्याच वेळात माझ्या काठीचं टोक दोन धोंड्यांच्या फटीत अडकलं आणि मी पुढे गेले. काठी वाकली, मग तुटली. वास्तविक असल्या जागी काठ्या गुंडाळून सॅकला लावायच्या आणि हात मोकळे ठेवायचे, हे मला माहीत आहे. दिवसाच्या नवव्या तासाला माहीत असलेलं सगळं आठवत नाही.

पाणी चार वाजता संपलं. तीन लिटर घेतलं होतं, सव्वा वाजता पोहोचायच्या हिशेबानं ते भरपूर होतं. मला या पत्रातलं दुसरं काही नाही पटलं तरी चालेल, पण हे जरा बघा. माणूस पाणी किलोमीटरला पीत नाही, तासाला पितो. ऊनही तासाला लागतं. अंधार तर घड्याळावरच येतो. सॅक भरताना जे जे ठरवायचं असतं, म्हणजे किती पाणी, किती खाऊ, हेडटॉर्च वर ठेवायची की तळाशी, ते सगळं वेळेवर ठरतं. आणि पाटी आम्हाला लांबी सांगते. माझी हेडटॉर्च झोपायच्या पिशवीच्याही खाली होती. शेवटच्या उतारावर, घसाऱ्यात बसकण मारून, मावळतीच्या उजेडात मी अख्खी सॅक दगडांवर उपसली.

त्या उताराच्या वर एक गृहस्थ उलट दिशेनं येताना भेटले होते. मुक्कामाहून फेरफटका मारायला वर आलेले, नुसती पाण्याची बाटली हातात. मी काय विचारलं असेल? "अजून किती वेळ?" असं विचारलं. त्यांनीही "तुमच्या चालीनं तास-सव्वा तास" असं सांगितलं, मैत्रिणीच्या पायाकडे बघून. बरोबर निघालं. अंतर फक्त दोन किलोमीटर होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. वाटेवर भेटलेली माणसं एकमेकांना किलोमीटर विचारत नाहीत. आठवून बघा, तुम्हीही चालता ना? पाटीवर मात्र तेच येतं.

आपल्या भाषेलाही हे ठाऊक होतं. 'मजल दरमजल' आपण अजून म्हणतो, आणि मजल म्हणजे एका दिवसाची चाल. वाट सोपी तर मजल लांब, अवघड तर आखूड. कोस हा शब्द 'क्रोश' म्हणजे आरोळी यावरून आला, आरोळी पोहोचेल तेवढं अंतर. म्हणूनच मुलखागणिक कोसाची लांबी वेगळी निघायची. मोजणी खात्याला ते चालण्यासारखं नव्हतं हे खरं, पण चालणाऱ्याची त्यात सोय होती. युरोपातली लीग आणि इराणातला फरसख हीदेखील मुळात तासाभराच्या चालीची मापं मानली जात. म्हणजे मी काही नवीन खूळ घेऊन आलेली नाही.

तुमचा आक्षेप मला ऐकू येतो : वेळ लिहायची तर कुणाची? कुणी धावत जातो, कुणी पोरांना घेऊन जातो. किलोमीटर सगळ्यांना सारखा.

स्वित्झर्लंडमध्ये या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलाय. तिथे ६५,००० किलोमीटरहून जास्त खुणा केलेल्या वाटा आहेत आणि त्यांच्या पिवळ्या पाट्यांवर तास-मिनिटं असतात. वेळ ठरलेल्या सूत्रानं काढतात, सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून, चढ-उताराचा हिशेब करून. विश्रांती त्यात धरत नाहीत. तो वेळ तुमचा नसतो, माझाही नसतो, आणि त्यातच त्याची गंमत आहे. पहिल्या पाटीवर एक तास लिहिलाय आणि मला सव्वा लागला, की दुसऱ्या पाटीपासून मी प्रत्येक आकड्यात पाव मिळवते. अर्ध्या दिवसात माझं आणि पाटीचं गणित जुळतं. किलोमीटरचं तसं जुळत नाही, कारण मातीवरचा किलोमीटर आणि धोंड्यांवरचा किलोमीटर यांचं एकमेकांशी काही नातंच नाही. शिवाय तिथे वाटेचा प्रकार रंगावरून कळतो : साधी वाट पिवळी, डोंगरी वाट पांढरी-लाल-पांढरी, आणि पांढरी-निळी-पांढरी दिसली की समजायचं, आता हात लावावे लागणार.

आणखी एक गोष्ट. किलोमीटर दोन्ही बाजूंनी सारखाच, वेळ नाही. आमचा शेवटचा दोन किलोमीटरचा घसारा उतरायला जसा आहे तसा चढायला मुळीच नाही. वरच्या पाटीवर एक आकडा हवा, खालच्या पाटीवर दुसरा. आज दोन्हीकडे '२ किमी' आहे. शाळेत असं उत्तर बरोबर धरतील.

सूत्रांची कमतरता नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ १८९२ मध्ये तीन डोंगर करून आला, दहा मैल आणि ६,३०० फूट चढ, वेळ साडेसहा तास. त्यानं लिहून ठेवलं : दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक. त्याचा स्वतःचा दिवस या हिशेबात चपखल बसतो. जर्मनीत वाटेवरच्या पाट्यांसाठीच डीआयएन ३३४६६ नावाचं मानक निघालं. त्यात सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढताना ३०० मीटर, उतरताना ५०० मीटर धरतात. आडव्या आणि उभ्या चालीचे वेळ वेगळे काढायचे, मोठा पूर्ण घ्यायचा आणि त्यात लहानाचा निम्मा मिळवायचा. आमच्या दिवसात ७०० मीटर चढ आणि ९०० मीटर उतार होता. नेस्मिथच्या हिशेबानं पाच तास होतात, जर्मन हिशेबानं सहा तास पन्नास मिनिटं. आम्ही विश्रांती वगळून सव्वाअकरा तासांच्या आसपास चाललो. त्यातला काही वेळ घोट्याचा, काही माझ्या तुटलेल्या काठीचा, हे कबूल. तरी घोटा मुरगळण्याआधीचे चार किलोमीटर दगडसुद्धा आम्हाला तीन तासांना पडले होते.

चूक सूत्रांची नाही. त्यांना चढ कळतो, जर्मन सूत्राला उतारही कळतो. दगड कळत नाहीत. दोन्हींत दगडांसाठी एकही जागा नाही. म्हणून माझी खरी मागणी सूत्राची नाहीच. तुमच्यापैकी कुणीतरी, मुक्कामाची सॅक पाठीवर घेऊन, एकदा ती वाट चालावं. शर्यतीतला गडी नको, नेहमीचा चालणारा हवा. घड्याळ लावावं, थांबलेला वेळ वजा करावा, आणि जो आकडा येईल तो पाटीवर रंगवावा. दोन दिशांना दोन वेळा. पाटी रंगवायला तसंही कुणीतरी तिथवर जातंच.

एक विनंती उलट बाजूची आहे, गैरसमज नको म्हणून. दगड काढू नका. हे पत्र वाचून कुणाच्या मनात त्या धारेवर सिमेंटच्या पायऱ्या बांधायचं आलं तर माझ्यासारखी दुसरी अपराधी नाही. ती वाट वाईट नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, मैत्रीण एका कातळावर पाय पसरून बसलेली, पाणी नाही, बोलायला जीभ कोरडी, तेव्हा उन्हाची तिरीप त्या सगळ्या धोंड्यांवर पडली आणि प्रत्येकाची सावली त्याच्याहून लांब झाली. दिवसात पहिल्यांदा मी मान वर करून धार बघितली, जिथून आलो ती. दगडांच्या लगोऱ्यांवरच्या खुणा एकापाठोपाठ एक मागे जात होत्या, अगदी पहिल्यापर्यंत. हे बघायला मी पुन्हा जाईन. फक्त पाच लिटर पाणी घेऊन, आणि उजाडायच्या आत निघून.

त्या लगोऱ्यांबद्दल आभार मानायचे राहिले. दगडांवर पायवाट उमटत नाही, दगडांवर दगडच खूण करतात, आणि तुमच्या माणसांनी त्या अशा रचल्या होत्या की एकीपाशी पोहोचलं की पुढची दिसायचीच. एकदाही चुकलो नाही. ज्यांना इतकं नेमकं काम जमतं त्यांनाच हे पत्र लिहिण्यात अर्थ आहे. (मधल्या एका पठारावर कुणा हौशी लोकांनी फोटोसाठी दहा-बारा मनोरे उभे केलेत. आम्ही त्यातल्या एकाच्या मागे पन्नास पावलं गेलो. ते पाडून टाकाल तर उपकार होतील.)

पाटीवर एवढं मावणार नाही असं म्हणाल, म्हणून मीच मजकूर बसवून बघितला. तुमच्याच पाटीच्या मापाच्या पुठ्ठ्यावर, तुमच्याएवढ्या अक्षरात :

'मुक्काम – १९ किमी – ९ तास, विश्रांती सोडून.
१० किमी नंतर ७ किमी दगड : ५ तास.
मधे पाणी नाही.'

बाणालाही जागा उरते. नऊ तास हा माझा अंदाज आहे, दोन धडधाकट घोटे आणि अख्ख्या काठ्या धरून. तुमचा माणूस चालून आला की खोडून त्याचा लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सव्वा वाजता पोहोचणार असलेली एक चालकरी

ता. क. : चौदाव्या आणि पंधराव्या किलोमीटरच्या मधे, डाव्या अंगाच्या दोन मोठ्या धोंड्यांच्या फटीत माझ्या काठीचा खालचा तुकडा अजून अडकलेला आहे. मी वीस मिनिटं खटपट केली, निघाला नाही. कुणी दुरुस्तीला त्या बाजूला गेलं तर पक्कड घेऊन जावं. कचरा माझा आहे.